आधी किड्यांची सोय, मग बिअर्डेड ड्रॅगन: मराठवाड्यातल्या नव्या पाळकांसाठी प्रथिनं आणि कॅल्शियमचं मार्गदर्शन

बिअर्डेड ड्रॅगन हा पाळीव सरडा घरी आणायचं ठरत असेल तर टाकी आणि दिव्यांच्या खरेदीआधी एक गोष्ट पक्की करा: त्याला वर्षभर जिवंत किडे कुठून मिळणार? पुण्या-मुंबईत ही सोय दुकानात जाऊन होते. लातूर, परभणी, धाराशिव, हिंगोलीकडे ती आपली आपल्याला उभी करावी लागते. ते अवघड नाही. उलट मराठवाड्यात एक उत्तम खाद्य गावोगावी तयार होतं, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण पिल्लू आणल्यावर शोधाशोध सुरू केली तर पहिले काही महिने, म्हणजे नेमके हाडं बनायचे दिवस, वाया जातात. ते नुकसान नंतर भरून येत नाही.

हा सरडा ऑस्ट्रेलियाच्या मधल्या, कोरड्या भागातला. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. तिथे तो किडे, अळ्या, पाला, फुलं असं मिळेल ते खातो. आपल्याकडे विकली जाणारी पिल्लं बंदिस्त जागेत जन्मलेली असतात. खरेदीची पावती जपून ठेवा. त्याच्या हौशीपायी शेतातली घोरपड किंवा सरडा पकडून पाळण्याचा विचार कुणी करू नये. घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे सर्वोच्च दर्जाचं संरक्षण आहे आणि तिला पकडणं, पाळणं हा गंभीर गुन्हा ठरतो.

पायरी १: वयाप्रमाणे किती किडे लागतील ते मोजा

पिल्लू असताना त्याच्या आहारात साधारण ७० ते ८० टक्के किडे आणि उरलेला पाला असतो. दीड वर्षाच्या पुढे हे प्रमाण बरोबर उलटं होतं. नवीन पाळकांचं इथेच चुकतं: पिल्लाला किडे कमी पडतात, आणि मोठ्या ड्रॅगनला तो आवडीने खातो म्हणून रोज वाटीभर दिले जातात.

चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी १० ते १५ मिनिटांत तो जेवढे खाईल तेवढे छोटे किडे द्या. चार महिन्यांपासून वर्षापर्यंत दिवसातून एकदा-दोनदा. पूर्ण वाढ झालेल्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा, एका वेळी पाच ते दहा मोठे रातकिडे पुरतात. पाला मात्र रोज. किड्याच्या आकाराचा नियम सगळ्या वयांना एकच आहे. ड्रॅगनच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर, त्यापेक्षा लांब किडा देऊ नका. मोठा किडा पोटात अडकतो, आणि पिल्लाच्या मागच्या पायांतली ताकद जाण्यापर्यंत वेळ येते.

आता घरातलं बोलू. वाढत्या पिल्लाला दिवसाला पन्नास-पन्नास छोटे रातकिडे लागू शकतात, आणि ते तुमच्याच घरात, डब्यात, आवाज करत राहणार. घरात माळकरी आजी-आजोबा असतील, जीवहत्या मान्य नसेल, तर हे आधी मोकळेपणाने सांगा. त्यांचा नकार असेल तर तो मानावा आणि हा प्राणी आणू नये. पनीर, दूध, सोयाबीनच्या वड्या, डाळ यांवर बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू वाढत नाही. दुधातली साखर तर सरपटणाऱ्या प्राण्यांना पचतच नाही. मटण, चिकन, अंडं हेही रोजचं खाणं नव्हे. प्रथिनांचा अतिरेक आणि पाण्याची कमतरता एकत्र आली की युरिक आम्ल साठून सांधे सुजतात, माणसाला गाउट होतो तसं.

पायरी २: किडा निवडा

रातकिडे हा पाया धरा. ताज्या वजनात साधारण २० टक्के प्रथिनं आणि ६ टक्क्यांच्या आसपास चरबी, शिवाय ड्रॅगनला पळत पाठलाग करावा लागतो, तोही व्यायामच. डुबिया झुरळं (खाद्यासाठी मुद्दाम वाढवली जाणारी जात) मिळाली तर तीही याच तोडीची. ती आवाज करत नाहीत, गुळगुळीत डब्याच्या भिंतीवर चढत नाहीत. घरातली झुरळं मात्र कधीच नाही, त्यांच्या अंगात कुणाकुणाच्या घरचं औषध असतं सांगता येत नाही.

पक्ष्यांच्या दुकानात मिळणाऱ्या पिवळ्या अळ्या म्हणजे मीलवर्म. छत्रपती संभाजीनगर, नांदेडसारख्या शहरांत त्या सहसा मिळतात. प्रथिनं रातकिड्याएवढीच, पण चरबी दुप्पट आणि वरचं कवच कडक. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला त्या टाळा. मोठ्याला आठवड्यातून चार-सहा, बस. सुपरवर्म म्हणजे तशाच पण मोठ्या अळ्या, त्यांच्यात चरबी याहून जास्त, १७-१८ टक्क्यांपर्यंत. मधमाश्यांच्या पेट्यांत शिरणाऱ्या मेणकिड्याच्या अळ्या काही जण मधपाळांकडून आणतात. त्या चरबीचा गोळा आहेत, आजारातून उठलेल्या, वजन घटलेल्या ड्रॅगनलाच द्याव्यात.

काळ्या सैनिक माशीच्या अळ्या कोंबड्यांच्या खाद्यासाठी आता बऱ्याच ठिकाणी वाढवल्या जातात. बहुतेक किड्यांमध्ये फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम नगण्य असतं. ही अळी त्याला अपवाद आहे, तिच्यात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त भरतं. मात्र ती कशावर वाढवली ते विचारा. हॉटेलच्या खरकट्यावर वाढलेली असेल तर घेऊ नका. भाजीपाल्यावर किंवा कोंड्यावर वाढलेली असेल तर आठवड्यातून दोनदा जरूर द्या.

आणि आता रेशीम अळी.

बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांत तुतीची लागवड करून रेशीम कोष घेणारे शेतकरी बरेच आहेत. जालन्याच्या बाजार समितीत कोषांची खरेदी-विक्री होते. म्हणजे मऊ अंगाची, कवच नसलेली, चरबी अगदी कमी असलेली अळी आपल्या तालुक्यातच आहे. तिच्यात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ड्रॅगनला पाणी पोचवायचा हा फार चांगला मार्ग आहे. याच कारणाने प्रथिनं वजनाच्या मानाने कमी, साधारण ९ टक्के. म्हणून एकट्या रेशीम अळीवर पिल्लू वाढवू नका. रातकिड्यांबरोबर आठवड्यातून तीन-चार दिवस द्या.

शेतकऱ्याकडे जाताना थोडं भान ठेवा. संगोपनगृहात रोग शिरला की अख्खी बॅच जाते आणि त्याचं महिन्याचं उत्पन्न बुडतं. आत पाऊल टाकू नका, बाहेरच मागा. दुसऱ्या-तिसऱ्या कातीनंतरच्या अळ्या छोट्या ड्रॅगनला योग्य. शेवटच्या अवस्थेतली अळी सात सेंटिमीटरच्या घरात जाते. अंग मऊ असल्याने आकाराच्या नियमाला अपवाद म्हणून ती चालते, पण फक्त मोठ्याला. बेडवर (अळ्या आणि पाल्याच्या थरावर) निर्जंतुक भुकटी किंवा चुना धुरळण्याआधीच्या अळ्या मागा. तसं जमलं नाही तर घरी आणून दोन दिवस स्वच्छ, कोरड्या तुतीच्या पानांवर ठेवा, पानं बदलत राहा, मग द्या. फुगलेली, पिवळसर चकाकणारी, सुस्त किंवा काळी पडलेली अळी रोगट असते, ती बाजूला काढा. चांगली अळी पान खाताना डोकं सतत हलवत असते.

येताना तुतीची चार पानंही मागून आणा. कीटकनाशकाचा वारा लागला तरी रेशीम अळी मरते, म्हणून हा शेतकरी पानं तोडायच्या आधी तुतीवर फवारणी टाळतो. ड्रॅगनला पाला म्हणून यापेक्षा भरवशाचं पान बाजारात मिळणं कठीण.

पायरी ३: रातकिडे घरी वाढवा

बाहेरून मागवलेलं पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलं तर हिवाळ्यात, पावसाळ्यात जिवंत पोचतं. एप्रिल-मे महिन्यात बहुतेक मेलेलं. म्हणून जानेवारीतच स्वतःची वसाहत सुरू करा.

चाळीस-पन्नास लिटरचा गुळगुळीत प्लॅस्टिकचा डबा घ्या. झाकणाला मोठं छिद्र पाडून लोखंडी जाळी बसवा. प्लॅस्टिकची जाळी रातकिडे कुरतडतात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवा. पाण्यासाठी ओला कापूस किंवा स्पंज, कारण उघड्या वाटीत ते बुडून मरतात. मादीच्या मागे सुईसारखी नळी दिसते, तिने ती ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) अंडी घालते. कोकोपीटचा छोटा डबा आठवडाभर आत ठेवा, मग वेगळा काढून २८ ते ३० अंशांत झाकून ठेवा. साधारण दोन आठवड्यांत टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं बाहेर येतात आणि दीड-दोन महिन्यांत पूर्ण वाढतात. दर पंधरा दिवसांनी एक नवी पेटी सुरू केली की सगळ्या आकारांचे किडे हाताशी राहतात.

डासांची अगरबत्ती, लिक्विड, खडू, स्प्रे यांपैकी काहीही त्या खोलीत नको. डेंग्यूच्या दिवसांत नगरपालिकेची धूरफवारणीची गाडी गल्लीत आली की खिडक्या लावून डब्यावर ओलं फडकं टाका. एका फवारणीत पूर्ण वसाहत जाऊ शकते.

शेतातले, बांधावरचे, दिव्याखाली जमणारे किडे आणू नका, हे मी आग्रहाने सांगतो. कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यात किती फवारण्या होतात हे आपल्याला माहीत आहे. औषध खाऊन मंद झालेला नाकतोडा सर्वांत सहज हाती लागतो, आणि तोच सर्वांत घातक असतो. तूर, भेंडीच्या फुलांवर काळ्या अंगावर केशरी पट्टे असलेले भुंगेरे बसतात. त्यांच्यातला द्रव आपल्या कातडीवर फोड आणतो, ड्रॅगनच्या पोटात काय करेल याचा विचार करा. पावसाळ्याच्या तोंडाला दिसणारे काजवे तर विष समजा. एक काजवा गिळून बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत.

पायरी ४: किड्याला आधी जेवू घाला

रिकाम्या पोटाचा रातकिडा म्हणजे कवच आणि पाणी. ड्रॅगनला देण्याआधी २४ ते ४८ तास त्याला चांगलं खाऊ घातलं की त्याच्या पोटातलं सगळं ड्रॅगनला मिळतं. यासाठी महागड्या पाकिटाची गरज नाही. शेवग्याचा पाला आपल्या अंगणातच असतो, त्यात कॅल्शियम भरपूर. गाजर, डांगर, रताळं यांतून बीटा कॅरोटिन मिळतं, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. लसूणघास मिळाला तर उत्तम. गव्हाच्या कोंड्यात या दोन दिवसांपुरती थोडी कॅल्शियम कार्बोनेटची पूड मिसळा.

ड्रॅगनच्या स्वतःच्या ताटात शेवगा, तुती, लसूणघास, जास्वंदीची पानं-फुलं, डांगर, दोडका चालतात. पालक, चुका, चाकवत, घोळ यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणून रोज नको. कांदा, लसूण, ॲव्होकाडो कधीच नाही.

पायरी ५: कॅल्शियमची भुकटी

आहारात कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण साधारण २ ला १ हवं. रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो. नुसते किडे खाऊन वाढणारं पिल्लू रक्तातलं कॅल्शियम टिकवायला स्वतःच्या हाडांतून ते काढायला लागतं. जबडा रबरासारखा मऊ होतो, बोटं थरथरतात, पाय वाकडे होतात, अंग उचलून चालता येत नाही. हाच तो हाडांचा चयापचयाचा आजार, आणि पाळलेल्या बिअर्डेड ड्रॅगनमध्ये तो सर्रास दिसतो. वाईट याचं वाटतं की तो जवळपास पूर्णपणे टाळता येतो.

तीन भुकट्या लागतात. पहिली साधं कॅल्शियम कार्बोनेट, फॉस्फरस नसलेलं. दुसरी ड-३ जीवनसत्त्व घातलेलं कॅल्शियम. तिसरी सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची मल्टिव्हिटॅमिन. एका डब्यात किडे टाका, चिमूटभर भुकटी घाला, हलकेच हलवा. किड्यावर पीठ भुरभुरल्यासारखा पातळ थर दिसला की लगेच खाऊ घाला. रातकिडे स्वतःचं अंग चाटून भुकटी झटकतात.

यूव्हीबी दिवा (उन्हातले अतिनील किरण देणारा) चांगला असेल तर वेळापत्रक असं ठेवा:

- पिल्लू, सहा महिन्यांपर्यंत: आठवड्यातले पाच दिवस एका जेवणाला साधं कॅल्शियम, एक दिवस ड-३ असलेलं, एक दिवस मल्टिव्हिटॅमिन.
- सहा महिने ते दीड वर्ष: साधं कॅल्शियम आठवड्यातून तीन-चार दिवस, मल्टिव्हिटॅमिन एकदा.
- मोठा: किडे देता त्या दिवशी साधं कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन पंधरा दिवसांतून एकदा, ड-३ महिन्यातून एक-दोनदा.
- अंड्यावर आलेली मादी: कॅल्शियम पुन्हा पिल्लाप्रमाणे. नर नसला तरी मादी अंडी घालू शकते, हे लक्षात ठेवा.

परदेशी डबे महाग पडतात, मान्य. साध्या कॅल्शियमला देशी पर्याय आहे: पक्ष्यांच्या दुकानात किंवा काष्ठौषधीवाल्याकडे मिळणारा समुद्रफेस. धुवून, वाळवून, किसून तो मैद्यासारखा बारीक करा आणि चाळून वापरा. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, बारीक दळूनही काम भागतं. मल्टिव्हिटॅमिनला मात्र पर्याय नाही, ती चांगलीच घ्या. उघडलेला डबा साधारण सहा महिन्यांत संपवा आणि उन्हाळ्यात गार, कोरड्या जागी ठेवा. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात जीवनसत्त्वं टिकत नाहीत.

तीन गोष्टी चुकूनही देऊ नका. पानात लावतात तो चुना: तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो. जनावरांचं खनिज मिश्रण: त्यात फॉस्फरस मुद्दाम घातलेला असतो. आणि मेडिकलमध्ये मिळणारी ड-३ ची ६०,००० युनिटची पुडी. पाचशे ग्रॅमच्या प्राण्यासाठी तिचा कणही मोजता येत नाही. ड जीवनसत्त्व शरीरात साठतं आणि जास्त झालं की मूत्रपिंड, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम जमून जीव जातो. अ जीवनसत्त्वाचे थेंबही असेच साठतात, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

पायरी ६: ऊन, दिवा आणि वीज

भुकटी कितीही दिली तरी यूव्हीबी किरणांशिवाय त्वचेत ड-३ तयार होत नाही आणि कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. १० ते १२ टक्के यूव्हीबीची टी-५ ट्यूब घ्या, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर लावा, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक नको. प्रकाश दिसत राहतो पण किरण कमी होतात, म्हणून वर्षाने ट्यूब बदला.

आपल्याकडचं ऊन फुकट आहे आणि कुठल्याही ट्यूबपेक्षा सरस. हिवाळ्यात सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, वीस-तीस मिनिटं. काचेची टाकी उन्हात कधीही ठेवू नका, काही मिनिटांत भट्टी होते. एप्रिल-मे महिन्यात सकाळी साडेसातच्या सुमारास थोडा वेळ, तेही समोर बसून.

खाल्लेलं पचायला शेकायची जागा ३८ ते ४२ अंश हवी. जेवणानंतर किमान दोन तास दिवा चालू राहील अशीच वेळ निवडा. तुमच्या भागात दुपारी वीज जात असेल तर सकाळीच खाऊ घाला. थंड पोटात किडे कुजतात. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर गेली तर शेकायचा दिवा दुपारी बंद करा, फक्त यूव्हीबी चालू ठेवा आणि टाकीची एक बाजू ३० अंशांच्या खाली राहील असं बघा. परभणीकडच्या डिसेंबरच्या थंडीत मोठा ड्रॅगन आठवडेच्या आठवडे सुस्त पडून कमी खातो. वजन टिकून असेल तर जबरदस्तीने किडे भरवू नका. पिल्लू मात्र थंडीत खाणं सोडत असेल तर ती उब कमी पडल्याची खूण आहे.

रात्री उरलेले रातकिडे टाकीतून काढा. ते झोपलेल्या ड्रॅगनच्या डोळ्यांच्या, बोटांच्या कडा कुरतडतात. आणि हात साबणाने धुवा, साल्मोनेला जिवाणू या प्राण्यांच्या अंगावर सर्रास असतो.

पायरी ७: दर आठवड्याला वजन, दर सहा महिन्यांनी विष्ठा

स्वयंपाकघरातल्यासारखा पण वेगळा ठेवलेला डिजिटल काटा घ्या आणि ठराविक वारी वजन वहीत लिहा. पिल्लाचं वजन दर आठवड्याला वाढलंच पाहिजे. मोठ्याचं वाढत असेल, डोक्यावरचे आणि काखेतले फुगवटे ताठरले असतील, तर किडे कमी करा. विष्ठेतला पांढरा भाग मऊ आणि पांढरा हवा. पिवळा, खडूसारखा कडक असेल तर पाणी कमी पडतंय.

भूक चांगली असून वजन घटत असेल, विष्ठा पातळ आणि दुर्गंधीची असेल तर कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) किंवा जंतांची शक्यता धरा. ताजी विष्ठा छोट्या बंद डबीत घालून, गार ठेवून, त्याच दिवशी तपासायला न्या. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सरपटणारे प्राणी पाहणारे डॉक्टर आपल्याकडे थोडे, पण सूक्ष्मदर्शकाखाली विष्ठा तपासणं कुठल्याही पशुवैद्यकाला येतं. जाताना वजनाची वही, वापरत असलेल्या भुकट्यांचे डबे आणि दिव्याचं खोकं बरोबर ठेवा, म्हणजे डॉक्टरांना मात्रा आणि किरणांची टक्केवारी तिथल्या तिथे वाचता येते.